चाकाशिवाय घडलेलं मडकं: अमेरिकेच्या वाळवंटातली हजार वर्षांपूर्वीची कुंभारकला

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने मूळ अमेरिकी जमातींच्या वस्तू असलेल्या काही काचेच्या पेट्या झाकून टाकल्या. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने तर दोन दालनंच बंद केली. त्याच महिन्यात नवे सरकारी नियम लागू झाले होते. कबरीतल्या, पूजेतल्या किंवा साऱ्या जमातीच्या मालकीच्या वस्तू मांडायच्या असतील, तर त्या ज्यांच्या पूर्वजांच्या आहेत त्यांची आधी संमती घ्यायची, असं हे नियम सांगतात.

अशा संग्रहांमध्ये मातीची भांडी खूप असतात. अमेरिकेतलं मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान किंवा सांता फे शहर बघून आलेले आपल्यातले अनेकजण ती पाहून येतात, फोटोही काढतात, आणि त्यांना प्रश्न पडतो: एका वाडग्यावरून एवढा कायदा, एवढी संमती कशासाठी? याचं उत्तर समजायचं तर ते भांडं कसं घडलं इथपासून सुरुवात करायला हवी, कारण ज्यांनी अशी भांडी घडवली त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं या मातीनेच सांगितलं आहे.

कुठली भांडी, कोणाची?

अमेरिकेच्या नैऋत्येला युटा, कोलोराडो, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं एका बिंदूपाशी मिळतात. त्या कोरड्या पठारावर कोलंबस येण्याआधी कितीतरी शतकं मका, घेवडा आणि भोपळा पिकवणारे लोक राहत होते. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘अनासाझी’ म्हटलेलं आढळतं. त्यांच्या वंशजांना, म्हणजे आजच्या पुएब्लो लोकांना, ते नाव मान्य नाही, म्हणून आता ‘पूर्वज पुएब्लो’ म्हणतात. कड्याच्या कपारीत बांधलेली मेसा व्हर्डेची घरं त्यांचीच, आणि चाको कॅन्यनमधला शेकडो खोल्यांचा पुएब्लो बोनिटो हा वाडाही त्यांचाच.

त्यांच्याकडे मडकी येण्यापूर्वी टोपल्या होत्या, आणि त्या इतक्या घट्ट विणलेल्या असत की त्यांत पाणी राही. स्वयंपाकही टोपलीतच होई: दगड विस्तवात तापवायचे, पाण्यात सोडायचे, निवले की काढून दुसरे टाकायचे. मक्याच्या पिठाची पेज अशी शिजते. वाळलेला घेवडा मात्र तासन्‌तास उकळावा लागतो, आणि तेवढा वेळ दगड बदलत बसणं हे दिवसभराचं काम होऊन बसतं. साधारण इसवी सन ५०० नंतर या भागात घेवडा आणि चुलीवर चढवता येणारी मडकी दोन्ही पसरलेली दिसतात. अभ्यासक या दोन्हींचा संबंध जोडतात आणि मला तो पटतो. आपला राजमा आणि श्रावण घेवडा याच अमेरिकी घेवड्याचे भाऊबंद आहेत.

वळी म्हणजे नेमकं काय?

कडबोळी करताना आपण पिठाचा गोळा पोळपाटावर फिरवून त्याची लांब वळी करतो. या मडक्यांची सुरुवात तशीच होते. माती तळहातांत किंवा फळीवर फिरवून वळी करायची. तळासाठी मातीची चपटी चकती एखाद्या उथळ ताटलीत बसवायची; या ताटलीला पुएब्लो कुंभार ‘पुकी’ म्हणतात. चकतीच्या कडेवर पहिली वळी गोल फिरवून बसवायची, चिमटीने खालच्या थराशी सांधायची, मग तिच्यावर दुसरी. अशी वळीवर वळी चढत भिंत उभी राहते. पोट फुगवायचं असेल तर पुढची वळी किंचित बाहेरच्या अंगाला, गळा आवळायचा असेल तर आतल्या अंगाला बसवायची.

यात घाई चालत नाही. खालची माती थोडी आवळून आली नाही तर वरच्या वजनाने भिंत बसते. फार सुकली तर नवी वळी तिला धरत नाही आणि भाजताना तिथेच चीर जाते. मग भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने भिंत आतून-बाहेरून खरवडून पातळ करायची, पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा आणि गुळगुळीत गोट्याने घोटायचं. घोटण्याचे असे गोटे आजही पुएब्लो कुटुंबांत आईकडून मुलीकडे जपून दिले जातात.

चाक नव्हतं, म्हणजे ते मागे पडले होते का?

ही शंका हमखास येते. कोलंबसपूर्व अमेरिकेत, उत्तर असो की दक्षिण, कुंभाराचं चाक कुठेच नव्हतं, हे खरं. पण चाकाची कल्पनाच त्यांना सुचली नव्हती, हे खरं नाही. मेक्सिकोत, विशेषतः व्हेराक्रूझच्या बाजूला, चाकांवर चालणारे मातीचे छोटे प्राणी सापडले आहेत. गाडी ओढायला बैल-घोडे नव्हते, म्हणून चाकाची गाडी झाली नाही. मडक्यांच्या बाबतीत चाकाची गरजच भासली नाही.

चाक कुंभाराला मुख्यतः वेग देतं: एकसारखी शंभर गाडगी एका दिवसात. बाजारासाठी माल काढणाऱ्याला ते हवंच. पण घराला आणि शेजाऱ्यांना पुरतील एवढीच भांडी करायची असतील तर त्या वेगाचा उपयोग काय? उलट चाकाच्या अटी असतात. माती मऊ आणि बारीक लागते. रेती-खडा जास्त असला तर फिरत्या मातीवर हात सोलवटतो आणि भिंत फाटते. चुलीवर तापणाऱ्या मडक्याला मात्र जाडसर खडाच हवा असतो. वळीने काम करणाऱ्याला तो मनासारखा घालता येतो, मडकं हवं तेवढं मोठं करता येतं, आणि गोल तळ, अरुंद तोंड, लांबट कान असं काहीही घडवता येतं. चाकाशिवाय घडवणं आपल्या देशातही संपलेलं नाही: मणिपूरच्या लोंगपी गावची काळी भांडी आजही चाकाविना होतात.

चाकाला संस्कृतीची मोजपट्टी करणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं. या भांड्यांच्या भिंती काही मिलिमीटर जाडीच्या, जवळपास एकसारख्या असतात. एखादा मोठा रांजण अंदाजापेक्षा हलका लागतो, तो घडवणाऱ्याच्या बोटांतल्या अंदाजामुळे.

माती, खडा आणि आग

नुसती चिकणमाती सुकताना आकसते आणि तडकते. त्यावर उपाय म्हणून तिच्यात न आकसणारं काहीतरी मिसळतात. आपल्याकडचे कुंभार राख आणि घोड्याची लीद घालतात. पूर्वज पुएब्लो कुंभार रेती, कुटलेला दगड, आणि फार ठिकाणी जुन्या फुटक्या खापरांचा चुरा घालत. खापराचा चुरा एकदा भाजून झालेला असतो, त्यामुळे तो पुन्हा आकसत नाही, आणि जात मातीचीच असल्याने नव्या मातीबरोबर तापतो-फुगतोही जवळपास सारखाच.

आता रंगाकडे. या भागातली ओळखीची भांडी पांढऱ्या अंगावर काळ्या नक्षीची. काळा रंग दोन प्रकारचा असे. एक लोहयुक्त खनिजाचा. दुसरा वनस्पतीचा: ‘बी-वीड’ नावाचं एक रानझुडूप उकळून, आटवून त्याचा काकवीसारखा दाट रस करायचा आणि युका या वाळवंटी झुडपाच्या पानाचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने रंगवायचं. हे झुडूप आपल्या तिळवणीच्या कुळातलं आहे.

तोच रस भट्टीत काळा ठरतो की जळून नाहीसा होतो, हे हवेवर अवलंबून असतं. भाजताना भरपूर हवा मिळाली तर मातीतलं लोह गंजाच्या रंगाकडे जातं, भांडं लालसर होतं आणि वनस्पतीचा रंग जळून जातो. हवा कोंडली तर माती पांढरी-करडी राहते आणि काळी रेघ टिकते. म्हणून मेसा व्हर्डेच्या परिसरात जमिनीत लांबट, उथळ खंदक खणून त्यांत भाजत. आधी लाकडं जाळून निखारे करायचे, वर भांडी रचायची, मोठ्या खापरांनी झाकायची, पुन्हा लाकूड, आणि नेमक्या वेळी वरून माती लोटून आग कोंडायची. ती वेळ दाखवणारं कुठलंही यंत्र नव्हतं. ज्वाळेचा रंग आणि धूर पाहून ठरवायचं. हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्वच्छ पांढऱ्या वाडग्यामागे हे ज्ञान आहे, आणि त्याला रसायनशास्त्र म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

खडबडीत मडकी आणि त्यांवरचे बोटांचे ठसे

नक्षीच्या वाडग्यांपुढे लोक थांबतात आणि शेजारचं करडं, काजळी धरलेलं, खवल्याखवल्यांचं मडकं ओलांडून जातात. माझ्या मते सगळ्यांत जास्त बोलणारं भांडं तेच आहे.

या मडक्यांची बाहेरची बाजू मुद्दाम गुळगुळीत केलेली नसते. आठव्या-नवव्या शतकापासून आधी फक्त गळ्याशी वळ्या तशाच दिसू दिल्या जाऊ लागल्या. अकराव्या शतकापर्यंत सबंध मडकंच तसं होऊ लागलं. प्रत्येक वळीवर ओळीने बोटाचा चिमटा, वरच्या ओळीचा चिमटा खालच्याशी जुळवलेला. आतून भिंत नेहमीसारखी घोटलेली, म्हणजे ‘कंटाळा केला’ असं म्हणायची सोय नाही. उलट यात काम जास्त आहे.

मग कशासाठी? अभ्यासकांनी अशी आणि गुळगुळीत अशी दोन्ही मडकी बनवून त्यांत पाणी उकळून पाहिलं. गुळगुळीत मडकं पटकन तापतं, पण पटकन उतूही जातं. खडबडीत मडक्यातली उकळी आटोक्यात राहते. पुन्हा पुन्हा तापून निवण्याचा ताणही ते जास्त काळ सोसतं, आणि ओल्या हाताने उचलताना निसटत नाही. घेवडा तासन्‌तास रटरटत ठेवायचा असेल तर याहून सोयीचं भांडं कुठलं?

या चिमट्यांनी आणखी एक गोष्ट जपून ठेवली. ओल्या मातीत उमटलेले बोटांच्या ठशांचे बारीक उंचवटे भाजून कायमचे पक्के झाले. पुरुषाच्या ठशातल्या रेषा सरासरीने बाईच्या ठशातल्या रेषांपेक्षा रुंद असतात, आणि मुलांच्या त्याहून अरुंद. माती सुकताना-भाजताना किती आकसते याचा हिशेब धरला तर ठशावरून घडवणाऱ्याचा अंदाज बांधता येतो. चाको कॅन्यनच्या दक्षिणेकडच्या ‘ब्लू जे’ या हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतली ९८५ खापरं अशी तपासली गेली आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोवर बहुतेकांनी धरून चाललेलं होतं की मडकी बायकाच घडवत. ठशांनी सांगितलं की पुरुष आणि बायका, दोघांचेही हात त्यात भरपूर होते, आणि कोणाचे किती हे काळानुसार आणि वस्तीतल्या गटागटानुसार बदलत गेलं.

‘सरासरी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एका ठशावरून ‘हे अमक्याने केलं’ असं सांगता येत नाही. काही ठसे मधल्याच मापाचे निघतात. पण शेकडो ठशांचा कल मात्र विश्वासाने सांगता येतो.

‘हजार वर्षांपूर्वीचं’ हे कशावरून?

लाकडावरून. झाडाच्या खोडात दरवर्षी एक कडं वाढतं. पावसाचं वर्ष असेल तर रुंद, दुष्काळाचं असेल तर अरुंद. एकाच प्रदेशातल्या झाडांत या रुंद-अरुंद कड्यांचा क्रम सारखाच येतो. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने जिवंत झाडांपासून मागे जात हा क्रम जोडत नेला. जुन्या घरांच्या तुळयांचा मात्र स्वतंत्र क्रम होता आणि दोहोंच्या मध्ये खंड राहिला होता. १९२९ साली अ‍ॅरिझोनातल्या शो-लो इथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने तो सांधला. मग ज्या घराची तुळई अमुक साली तोडलेली, त्या घरातल्या भांड्यांचा काळ ठरला, आणि नक्षीच्या शैलींनाही साल मिळालं. आज तिथला जाणकार वाटेत पडलेली खापरी पाहून शतक, कधी कधी त्याचा पूर्वार्ध की उत्तरार्ध, तेवढ्यावरून सांगतो.

उंच बरण्यांत काय प्यायचे?

१८९६ साली पुएब्लो बोनिटोच्या एका खोलीत नळकांड्यासारख्या उंच बरण्यांचा ढीग निघाला: एकाच खोलीत १११. साधारण वीतभराहून थोड्या उंच, पांढऱ्या अंगावर काळी भौमितिक नक्षी. अशा बरण्या इतरत्र फारशा मिळतच नाहीत, त्यामुळे त्या ढोल असाव्यात इथपर्यंत तर्क झाले.

मातीचं भांडं सच्छिद्र असतं, आत भरलेलं थोडं थोडं मातीत मुरतं. पुरातत्त्वज्ञ पॅट्रिशिया क्राउन आणि रसायनतज्ज्ञ जेफ्री हर्स्ट यांनी चाकोतल्या खापरांचा चुरा तपासला आणि २००९ साली जाहीर केलं की त्यात थिओब्रोमिन आहे. हे द्रव्य कोकोच्या बीत असतं. कोको वाळवंटात उगवत नाही. तो दक्षिणेकडच्या उष्ण, दमट प्रदेशातला, सुमारे दोन हजार किलोमीटरवरचा. म्हणजे चाकोची माणसं कोकोचं पेय पीत होती, आणि त्या बिया माणसांच्या पाठीवरून इथवर येत होत्या. काही बरण्यांची जुनी नक्षी घासून काढून, नवा लेप देऊन त्या पुन्हा रंगवून भाजलेल्याही आढळल्या. रोजच्या वापरातल्या भांड्यासाठी एवढं कोणी करत नाही.

तळाला भोक पाडलेले वाडगे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. न्यू मेक्सिकोच्या नैऋत्य टोकाला मिंब्रेस नदीचं खोरं आहे. तिथल्या लोकांनी साधारण १००० ते ११३० या काळात केलेले वाडगे जगभर गाजलेले आहेत. आतल्या बाजूला ससे, मासे, बगळे, टोळ, शिकारी, बाळंतीण अशी चित्रं, आणि भोवती केसासारख्या बारीक समांतर रेघा. यांतल्या अनेक वाडग्यांच्या मधोमध भोक असतं. ते झीज किंवा अपघात नव्हे. घरातलं माणूस गेलं की त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत, तळाला भोक पाडलेला वाडगा त्याच्या डोक्यावर-चेहऱ्यावर पालथा घालत आणि वरून जमीन पुन्हा लिंपून घेत.

भोक पाडलेला वाडगा म्हणजे बहुतेक वेळा कोणाच्या तरी चेहऱ्यावरून उचललेला वाडगा. त्यांना बाजारात मोठी किंमत येऊ लागली तेव्हा १९६०-७०च्या दशकांत लुटारूंनी बुलडोझर लावून सबंध वस्त्या उकरल्या. वाडगे काढले, हाडं विखुरली. खासगी जमिनीवर तेव्हा हे थांबवणं अवघड होतं. सरकारी आणि जमातींच्या जमिनींसाठी १९७९ मध्ये कडक कायदा आला. १९९० च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांना मानवी अवशेष आणि कबरीतल्या वस्तूंची यादी करून त्या वंशजांना परत करण्याची प्रक्रिया बंधनकारक केली. २०२४ चे नियम त्याच कायद्याचे पुढचे पाऊल आहेत.

‘पण संग्रहालयात वस्तू सुरक्षित असते, अभ्यास होतो,’ असा आक्षेप येतो. वर सांगितलेलं बरंचसं संग्रहातल्या खापरांमुळेच कळलं, हे नाकारता येत नाही. पण ठशांचा आणि कोकोचा शोध कबरी फोडून लागलेला नाही. तो वस्तीतल्या आणि उकिरड्यावरच्या तुकड्यांनी लावला. शिवाय संमती घेणं म्हणजे अभ्यास थांबवणं नव्हे. मेसा व्हर्डेहून १८९१ साली गुस्ताफ नॉर्डेनशोल्ड या संशोधकाने नेलेला संग्रह फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातले वीस जणांचे अवशेष आणि कबरीतल्या २८ वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि पुन्हा मातीआड झाल्या. उरलेला संग्रह हेलसिंकीतच आहे. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या आजीच्या चेहऱ्यावरचं भांडं कोणी काचेत मांडलं तर आपण काय म्हणू, एवढ्या एका प्रश्नाने हा वाद बराच सुटतो.

ते लोक तर नाहीसे झाले ना?

नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी, १२७६ पासून पुढची दोन दशकांहून अधिक वर्षं, दुष्काळ पडला. त्याच्या जोडीला संघर्षही होता. माणसं चार राज्यांच्या त्या पठारावरून निघून रिओ ग्रांदे नदीकाठी आणि झुनी, अकोमा, होपी या भागांत गेली. आज न्यू मेक्सिकोत पुएब्लो लोकांच्या १९ वस्त्या आहेत, अ‍ॅरिझोनात होपी आहेत, आणि वळीची कुंभारकला त्यांच्यात चालू आहे. धातूच्या भांड्यांनी एकोणिसाव्या शतकात ती रोडावली होती. होपी-टेवा कुंभारीण नाम्पेयो हिने सिक्याट्की या जुन्या गावातल्या खापरांवरची नक्षी पाहून ती नव्याने उभी केली. सान इल्देफोन्सो या पुएब्लो वस्तीतल्या मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) यांनी पती हुलियन यांच्यासोबत १९१९ च्या सुमारास चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी साधली. सुक्या लिदीची पूड टाकून आग कोंडायची, म्हणजे भांडं धूर पिऊन काळं होतं. चाक मारियांनीही वापरलं नाही. अकोमात आजही जुनी खापरं कुटून नव्या मातीत घालतात.

एखादं भांडं घ्यायचं असेल तर

सांता फेच्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीवर मूळ अमेरिकी कलाकार स्वतः बसून विक्री करतात, आणि ऑगस्टमध्ये तिथे मोठा बाजार भरतो. दुसरीकडे, साच्यात ओतलेली, विजेच्या भट्टीत भाजलेली आणि वरून रंगवलेली भांडीही ‘इंडियन पॉटरी’ म्हणून दुकानात मिळतात. कलाकाराची परवानगी घेऊन आत हात घालून पाहावं. साच्यातल्या भांड्याची भिंत सगळीकडे अगदी एकसारखी लागते. वळीच्या भांड्यात बोटांना सूक्ष्म चढ-उतार जाणवतात. तळाला सही पाहावी. मूळ अमेरिकी नसलेल्याचा माल त्यांच्या नावाने विकणं हा १९९० पासून गंभीर फेडरल गुन्हा आहे, त्यामुळे विक्रेत्याला थेट विचारायला हरकत नाही.

पुरातन जागी फिरताना जमिनीवर खापऱ्या दिसतातच. सरकारी किंवा जमातीच्या जमिनीवरून एकही उचलू नये. कायदा आहे म्हणून, आणि जागेवरून हललेली खापरी काळ सांगण्याच्या कामाची राहत नाही म्हणूनही. कुंभाराशी बोलायची संधी मिळाली तर हाताने वळलं का, भाजलं कसं, रंग कशाचा, हे सगळं विचारावं; बहुतेकजण मनापासून सांगतात. माती नेमकी कुठल्या जागेवरून आणली एवढंच विचारू नये. ती जागा घरातली माणसं घरातल्यांनाच दाखवतात.